संक्रांत : अंगणातली आणि गच्चीवरली

मराठी घरात मकरसंक्रांत साजरी होते ती देवघरापाशी आणि हळदीकुंकवाच्या बैठकीत. गुजराती उत्तरायण साजरे होते ते गच्चीवर. दादरा-सिल्वासा परिसरातील मराठी कुटुंबांना हे दोन्ही सण एकाच छपराखाली भेटतात. खाली गृहिणी सुगडांत ऊस, बोरे, हरभरा आणि गव्हाच्या ओंब्या भरीत असते, तर वर मुले फिरकी धरून ‘काय पो छे’चा गजर करीत असतात. मग वडीलधारी मंडळी खंतावतात, ‘‘मुलांची संक्रांत गेली; राहिला तो पतंग!’’

ही खंत समजण्यासारखी असली, तरी तिचा रोख चुकतो. मुळात हा प्रदेश आपणास परका नव्हे. अठराव्या शतकात तो पेशव्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १९५४ साली त्याच्या मुक्तीसाठी सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे येथे धावून आली.

शेजाऱ्याचे ताटही आपल्या ताटाहून फारसे निराळे नाही. भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटा आणि ओला हरभरा एकत्र येतात. उंधियूत पापडी, वांगी आणि कंद. रायगडात वालाच्या शेंगा मडक्यात कोंडून, भोवती जाळ करून पोपटी लावतात, तर लगतच्या वलसाड जिल्ह्यात तशाच रीतीने उंबाडियूं शिजते. थंडीचे शेत एकच. नावे तेवढी दोन. कारखान्यांनिमित्त येथे स्थायिक झालेल्या बिहारी कुटुंबांतही या दिवशी दही-चिवड्याबरोबर तीळच असतो.

तेव्हा पतंगाने संक्रांत बुडत नाही. ती बुडते, तिचा अर्थ घरातच मुका होतो तेव्हा. शेजारच्या मुलीने ‘‘आज काळी साडी का?’’ असे विचारले, तर आपल्या लेकीला उत्तर देता आले पाहिजे : काळा रंग ऊन धरून ठेवतो, तीळ अंगात ऊब आणतो, आणि वर्षातील कटुता विसरण्यासाठी त्याला गुळाची जोड द्यायची.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. तेवढ्या अवधीत गुजराती, बिहारी, वारली शेजारणींनाही अगत्याने बोलवावे. वाटी मुलांच्या हाती द्यावी आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे शब्द मराठीतच उच्चारावयास लावून, अर्थ शेजाऱ्याच्या भाषेत सांगू द्यावा. जी मुले आपला सण दुसऱ्याला समजावून देऊ शकतात, त्यांच्या हातून तो सहसा सुटत नाही. मग गच्चीवर त्यांनी खुशाल पतंग उडवावेत.