सूर ठाऊक, नाव नाही

महाळुंगे पडवळ म्हटले की लोकांना आठवतात ते हुतात्मा बाबू गेनू. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर प्राण देणारा हा तरुण आमच्या गावचा. पण आम्हा गावकऱ्यांच्या कानात गाव वसते ते टाळ-पखवाजात. एकादशीचे भजन ऐकतच इथले मूल मोठे होते. म्हणूनच मी गायनाच्या परीक्षेचा अर्ज भरला तेव्हा आजोबांनी विचारले, "अरे, गाता येतं ना? मग परीक्षा कशाला?"

ही परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभारले. प्रारंभिक ही त्याची पहिली पायरी, अलंकार फार वरची.

तयारीला बसलो आणि आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू मिळू लागले. भूपातल्या चाली मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. त्यांत मध्यम आणि निषाद येत नाहीत, हे मात्र प्रथमच कळले. भजनी ठेका आठ मात्रांचा, अंगात मुरलेला. पण त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर धरून बोलायच्या, लगेच दुगुनीत म्हणायच्या, म्हटल्यावर जीभ अडखळे. मग कांद्याला दारे धरतानाही माझे चालूच असे: पहिली, पाचवी, तेरावीला टाळी, नववीला खाली.

खरी कसोटी मात्र एकट्याने गाण्याची. भजनात एखाद्याचा सूर ढळला तरी दहा कंठ सावरून घेतात. परीक्षकांपुढे तंबोरा, तबला आणि आपण! तिथे लपायला जागा नाही. ही भीती मोडायला रोज एकाला तरी समोर बसवून गायचो. आधी स्वयंपाकघरात आई, मग शेजारचे काका, शेवटी आजोबा. आजोबा डोळे मिटून ऐकत आणि सम आली की मान हलवत. त्यांना मात्रांचा हिशेब कुणी शिकवला नव्हता, तरी सम कधी चुकली नाही.

ज्या घरांत मुले अशा परीक्षेला बसतात, तिथल्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते: किती गुण मिळतील, हे मागाहून विचारा. आधी दहा मिनिटे समोर बसून ऐका. परीक्षा मुलाला सुरांची नावे शिकवील. गाण्याची गोडी त्याला तुमच्या मान हलवण्यातूनच कळेल.