खात्याच्या पोटात अवकाशसंस्था

'यूके स्पेस एजन्सी' ही ब्रिटनची राष्ट्रीय अवकाशसंस्था एप्रिल २०२६पर्यंत तिथल्या विज्ञान, नवोन्मेष आणि तंत्रज्ञान खात्यात विलीन करायचं ठरलं. २० ऑगस्ट २०२५ रोजी सरकारनं तसं जाहीर केलं. नाव राहणार, स्वतंत्र चूल मात्र मोडणार. कारणं ओळखीचीच: एकच काम दोन ठिकाणी होतं, खर्च वाढतो आणि निर्णयांना मंत्री थेट जबाबदार हवा.

पहिलं कारण खोटं नाही. धोरण ठरवण्याचं काम काही वर्षांपूर्वीच एजन्सीकडून खात्याकडे गेलं. प्रक्षेपणाचे परवाने २०२१पासून नागरी विमान वाहतूक प्राधिकरण देतं. एजन्सीकडे मुख्यतः अंमलबजावणी उरली. ठरवणारे एकीकडे आणि राबवणारे दुसरीकडे असले की फाइलीचं काय होतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

तरीही तिथल्या जाणत्यांनी नाकं मुरडली, त्याला इतिहास आहे. 'ब्लॅक ॲरो' हे ब्रिटनचं स्वतःचं रॉकेट. उंची जेमतेम १३ मीटर, खालच्या दोन टप्प्यांत केरोसीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. इंजिनांच्या चाचण्या आइल ऑफ वाइट बेटावर व्हायच्या. मग रॉकेट जहाजानं ऑस्ट्रेलियात, वूमेराच्या तळावर जायचं. जुलै १९७१मध्ये मंत्री फ्रेडरिक कॉरफील्ड यांनी संसदेत प्रकल्प गुंडाळल्याचं सांगितलं. अमेरिकेचं 'स्काउट' भाड्यानं घेतलं तर स्वस्त पडतं, हा हिशेब. पुढचं रॉकेट तयारच होतं, म्हणून तेवढं उडवायला परवानगी मिळाली. २८ ऑक्टोबर १९७१ला त्यानं ६६ किलोचा 'प्रॉस्पेरो' अचूक कक्षेत सोडला. रद्द झालेल्या प्रकल्पाचं ते यश! उपग्रह सोडण्याची क्षमता कमावून ती सोडून देणारा ब्रिटन हा एकमेव देश. शिल्लक राहिलेलं रॉकेट लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

१९८५मध्ये 'ब्रिटिश नॅशनल स्पेस सेंटर' निघालं. अनेक खात्यांचा मेळ घालायचा, पण पैसा त्या त्या खात्याच्या हातात. युरोपीय अवकाशसंस्थेचे, म्हणजे 'ईसा'चे, पहिले महासंचालक रॉय गिब्सन या सेंटरचे प्रमुख झाले. त्यांच्या आराखड्याला सरकारनं पैसे नाकारले आणि १९८७मध्ये त्यांनी राजीनामा दिला. स्वतःचा अर्थसंकल्प असलेली एजन्सी यायला २०१० उजाडलं. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत तिच्यावरच्या खात्याची पाटी दोनदा बदलली, एजन्सी तीच राहिली. माझ्या मते तिचा खरा उपयोग हाच होता.

आपल्याकडे गाडी नेमकी उलट दिशेनं गेली. १५ ऑगस्ट १९६९ला इस्रो स्थापन झाली ती अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली. जून १९७२मध्ये तिच्यासाठी अवकाश आयोग आणि अवकाश विभाग उभे राहिले आणि त्याच वर्षी ती त्या विभागात आली. इस्रोचा अध्यक्ष हाच विभागाचा सचिव आणि आयोगाचाही अध्यक्ष. विभाग थेट पंतप्रधानांकडे, पण सचिवाचं कार्यालय दिल्लीत नाही, बंगळुरूत. म्हणजे इस्रो सरकारी खात्यातच आहे. फरक इतकाच, की खात्याच्या खुर्चीत तंत्रज्ञ बसतो. एकाच माणसाकडे तीन टोप्या असण्याचे तोटेही आहेत. त्याच्या कामावर बाहेरून बोट ठेवणार कोण?

ब्रिटनच्या एजन्सीचं मुख्यालय आता ऑक्सफर्डजवळच्या हार्वेलला आहे. तिथल्याच अणुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांनी उमेदीची वर्षं काढली होती. पुढे ते भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी खात्यांत, अशी खुर्ची सहसा प्रशासकाकडे जाते.

ब्रिटनच्या नागरी अवकाशखर्चाचा मोठा वाटा ईसाकडे जातो. नोव्हेंबर २०२५अखेर जर्मनीत ब्रेमेनला सदस्यदेशांच्या मंत्र्यांनी पुढच्या वर्षांसाठी कोण किती देणार ते ठरवलं. लंडनहून किती रक्कम आली आणि ती कोणत्या मोहिमांच्या नावावर टाकली गेली, यावर नव्या घडीचा पहिला अंदाज बांधता येतो.