जादूघर म्हणू नका!

आवडीतल्या मराठी मंडळींनो, लोकलने चेन्नई सेंट्रलला उतरून पुढे एग्मोरला जाल, तेव्हा 1925 चा फ्रीमेसन्स हॉल जरूर पाहा. बंद दारं, गुप्त खुणा; त्यामुळे पूर्वी लोक लॉजला, म्हणजे फ्रीमेसन (मेसन) या बंधुसंघाच्या शाखेला, ‘जादूघर’ म्हणत. कुजबुज अजून आहेच. पण इथलं मेसनांशी नातं फार जुनं: अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा 1775 च्या सुमारास त्रिचनापल्लीत मेसन झाला! मुंबईत 1843 साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज निघालं, तेच भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही शिखर संस्था 1961 ची. धर्म न पाहता माणसं जोडणारी ही परंपरा मला मोलाची वाटते. मात्र सभासदत्व फक्त पुरुषांना, ही अट आता जायला हवी. मेसन बंधूंनो, दारं उघडा, तरुणांना आत बोलवा.