वाकड्या सीताफळाची गोष्ट

थांबा लेकरांनो, ते वाकडं फळ टाकू नका. इकडं आणा, माझ्या हातात द्या. हे बघा, एका बाजूनं कसं टपोरं फुगलंय. डोळ्यांमधल्या फटी पिवळसर झाल्यात, म्हणजे दोन-तीन दिवसांत पिकेल. आणि ही दुसरी बाजू आत ओढल्यासारखी, डोळे बारीक नि दगडासारखे. धाकटा म्हणतो, ‘आजोबा, याला कीड लागलीय.’ नाही रे बाळा. या बाजूला कुणी भेटायलाच आलं नाही, म्हणून ते असं राहिलंय.

सीताफळ दिसतं एक, पण ते एक फळ नव्हेच, ते एक गाव आहे. फुलाच्या मधोमध बारीक बारीक घरं दाटीवाटीनं बसलेली असतात. ज्या घरात पराग पोचतो तिथं बी धरतं, बीभोवती पांढरा गर साठतो आणि बाहेरून एक डोळा फुगतो. पराग नाही पोचला तर ते घर ओस. एका बाजूची घरं ओस पडली की फळ असं कलतं. खाताना बिया मोजा; जितक्या बिया, तितक्या घरांत पराग पोचला होता.

मग पराग आणतो कोण? मधमाशी नव्हे. सीताफळाचं फूल तुम्ही नीट पाहिलं नसेल, कारण ते मिरवत नाही. तीन जाड हिरवट पाकळ्या, तळाशी आतून जांभळट डाग, आणि मान खाली घालून पानाआड लटकलेलं. पाकळ्या सुरुवातीला जेमतेम फटीएवढ्या उघडतात. त्या फटीत मधमाशीला शिरता येत नाही, आणि आत तिच्यासाठी मधही नसतो. तिथं शिरतो तिळाएवढा तपकिरी भुंगेरा. सडक्या फळाला, आंबलेल्या सालपटाला जो किडा लागतो ना, तोच. फुलाला पिकल्या फळासारखा वास येतो, त्या वासानं तो आत जातो.

आता यातली खरी नवलाची गोष्ट ऐका. हे फूल आधी बाई असतं आणि मग बाप्या होतं. आधी आतली घरं चिकट होऊन परागाची वाट बघतात. तेव्हा त्याच फुलाचा पराग तयारच नसतो. दुसऱ्या दिवशी पराग सुटायला लागतो, तोवर घरांचा चिकटपणा वाळून गेलेला. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग बहुधा कामाला येत नाही. तो भुंगेरा अंगाला पीठ माखून बाहेर पडतो आणि दुसऱ्या, नुकत्याच उमललेल्या फुलात जाऊन शिरतो. एवढ्याशा किड्याच्या येण्या-जाण्यावर बीडची, धारूरची, अंबाजोगाईची दिवाळीतली सीताफळाची पाटी भरते. बालाघाटाच्या डोंगरातलं हे सीताफळ. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण झाड मूळचं अमेरिका खंडातलं. पाहुणं म्हणून आलं आणि सीतेचं नाव घेऊन घरचं झालं.

यात हवेचाही हात असतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिसाच्या वर जातो. त्या कोरड्या झळांनी घरांचा चिकटपणा लवकर सुकतो आणि फुलं गळून झाडाखाली सडा पडतो. थोरली विचारते, ‘आजोबा, एवढी फुलं वाया गेली?’ गेली बाई. मृगाच्या सरी आल्या, हवेत ओल आली, की मग धरतात. जूनमध्ये धरलेलं फळ चार महिन्यांनी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला उतरतं.

मात्र या वाकड्या फळाला उन्हाचा दोष देता येणार नाही. यंदा पाऊस वेळेवर होता. दोष माझा आहे, आणि तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे.

उन्हाळ्याच्या शेवटी फांद्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला शेतकरी मिलीबग म्हणतात. अंगावर मेणाचं पीठ, सोंड फांदीत खुपसलेली. रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पानं काजळी फासल्यासारखी होतात. आणि खोडावरून मुंग्यांची रांग! त्या मुंग्या ढेकूण खात नाहीत, राखतात. गुराखी गुरं राखतो ना, तसं. गोड चिकटा मिळावा म्हणून ढेकणाच्या वैऱ्याला हुसकून लावतात.

मी घाबरलो. कुणीतरी दिलेलं औषध आणलं आणि ऐन बहरात फवारलं. ढेकूण मेले खरे, पण फुलातले भुंगेरेही गेले. खाली हे वाकडं गाव उरलं. त्यातच मला दुसरी गोष्ट दिसली, ती मला आजही बोचते. मेलेल्या पांढऱ्या किड्यांत काही किडे जरा लांबट होते, अंगाला मेणाच्या लांब झिपऱ्या. मी त्यांनाही ढेकूण समजलो होतो. ती होती ढालकिड्याची पिल्लं.

आपल्याकडं बहुरूपी येतो ना, पोलिसाचा वेष घेऊन? हा किडा तसा बहुरूपी आहे. क्रिप्टोलेमस त्याचं नाव, मूळ ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये तो भारतात आणला गेला. मोठा झाला की काळपट, डोकं नारिंगी. पण पिल्लू अगदी ढेकणासारखं पांढरं असतं. त्या वेषात मुंग्यांमधून वाट काढत ते ढेकणांच्या कळपात शिरतं आणि एकेक करून खात सुटतं. ओळखायचं कसं? काडीनं हळूच डिवचा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, पिल्लू लगबगीनं चालायला लागतं. मी काडीऐवजी फवारणीचा पंप हातात घेतला होता.

आता मी खोडाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून वर ग्रीस लावलंय. मुंग्या वर चढत नाहीत आणि मातीतून निघणारी ढेकणाची पिल्लंही अडकतात. चार-दोन फांद्यांवर दिसले तर साबणाचं पाणी नि जुना दातांचा ब्रश पुरतो. आणि आजीला सांगितलंय की झाडाखाली थोडी केळीची सालं राहू दे, अंगण अगदी लख्ख झाडू नकोस. भुंगेऱ्यांना यायला काही निमित्त नको का?

दादा, तू मागं म्हणाला होतास, हे झाड काढून सफरचंद लावू. सफरचंदाचं झाड थंडीचे तास मोजतं रे. ते पुरे झाल्याशिवाय नीट फुलत नाही. कमी थंडीच्या जाती आता निघाल्यात, तुला लावायचं तर त्या कोपऱ्यात लाव. पण 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते, तेव्हा हे सीताफळ आपल्या अंघोळीच्या सांडपाण्यावर जगलं. पानं टाकून नुसत्या काड्या उभ्या होत्या. तुझी आई म्हणायची, मेलं बहुतेक.

ये, दाखवतो. हे पिवळं पडलेलं पान घे आणि देठापाशी हळूच ओढ. आलं ना हातात? आता देठ जिथं चिकटला होता तिथं बोट फिरव. तो बारीक, केसाळ उंचवटा लागतोय? तो पुढच्या वर्षीचा कोंब आहे. पान होतं तोवर देठानं त्याला आपल्या बुडाखाली झाकून ठेवलं होतं.