‘दो आँखें बारह हाथ’: संग्राहक काय शोधतात, आणि काय विसरतात

आमच्या मंडळात जुन्या सिनेमांचे कागद जमवणारे चार-पाच जण आहेत, त्यातला मीही एक. तुरुंगावरच्या चित्रपटांत आम्हां सगळ्यांचा जीव एकाच नावावर जडलेला: व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’. चित्रपट हिंदी, पण कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. एक जेलर सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेतो, त्यांच्याकडून शेती करून घेतो. १९५८ साली बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं.

संग्राहक मुख्यतः तीन गोष्टी शोधतात: पोस्टर, ७८ गतीच्या तबकड्या आणि थिएटरात मिळणारी गाण्यांची पुस्तिका. पुस्तिका सर्वांत नाजूक. गाणी पाठ झाली की ती रद्दीत जायची, म्हणून आज दुर्मिळ. शिवाय चालणारा चित्रपट पुन्हा पुन्हा लागायचा, तेव्हा पुस्तिकाही नव्यानं छापल्या जायच्या. म्हणून घेताना घाई नको. मुद्रकाचं नाव बघा, पिनांचा गंज कागदात उतरलाय का ते बघा, घडीवर कागद झिजलाय का तेही बघा. रंगीत झेरॉक्सवर गंजाचा डाग दिसतो खरा, पण बोटाला लागत नाही!

पण माझ्या मते या कागदांची खरी किंमत वेगळीच आहे. ही कथा हवेतून आलेली नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा तो प्रयोग. कैदी तिथं कुटुंबासह राहून शेती करत. माडगूळकरांचं माडगूळही त्याच मुलखातलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, वसाहत मात्र टिकली.

आता गंमत बघा. पोस्टर काचेखाली जपलं जातं, लिलावात बोली लागते. आणि ज्या संस्थानानं हा तुरुंग उभारला, त्याची गॅझेटं, अहवाल, पत्रं जुन्या वाड्यांच्या माळ्यावर वाळवी खात पडतात. चित्रपटाच्या पुस्तिकेत नट-नट्या सापडतील, स्वतंत्रपूरचे कैदी सापडणार नाहीत.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं: तुमचं घराणं औंध, सांगली, मिरज किंवा जवळपासच्या कुठल्याही संस्थानाशी जोडलेलं असेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ती पेटी एकदा उघडा. कागदांचे फोटो काढा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. पोस्टर बाजारात पुन्हा मिळेल. एखाद्या अहवालाची मात्र एकच प्रत उरलेली असू शकते, आणि ती कदाचित तुमच्याच घरात असेल.