इंदूरचा खड्डा

सेंद्रिय शेतीचा इतिहास सहसा इंग्लंडपासून सांगितला जातो. १९४० साली लॉर्ड नॉर्थबोर्न यांचे पुस्तक, १९४३ साली लेडी ईव्ह बाल्फोर यांचे ‘द लिव्हिंग सॉइल’, १९४६ साली सॉइल असोसिएशन. क्रम बरोबर आहे, पण त्याआधीची होळकरांच्या इंदुरातली वर्षे त्यात गाळली जातात, आणि माझ्या मते पाया तिथेच घातला गेला.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातल्या. गव्हाचे नवे वाण दोघांनी मिळून काढले. पण वाण एका खात्याकडे, माती दुसऱ्याकडे, कीड तिसऱ्याकडे, ही तिथली वाटणी हॉवर्डना जाचू लागली. १९२४ साली दोघे इंदूरला आले. तिथल्या त्यांच्या शेती-संशोधन संस्थेसाठी जमीन दरबारने दिली, पैशाचा मोठा भार मध्यवर्ती कापूस समितीने उचलला.

माळव्यातली अडचण आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच होती. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात, गोठ्यातले मूत जमिनीत मुरून वाया जाई आणि पऱ्हाट्या-तुराट्या तर लवकर कुजतच नाहीत. त्यावरचा इंदूरचा तोडगा मला फार मोलाचा वाटतो. कडक काड्या रस्त्यावर पसरायच्या, गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ द्यायचा. तो चुरा पालापाचोळ्यासह बैलांखाली अंथरायचा. मग शेण, मूत मुरलेली गोठ्यातली माती आणि राख यांच्यासह उथळ खड्ड्यात थर लावायचे, पाणी शिंपायचे, तीनदा उलथायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. विकत आणावे असे यात काहीच नव्हते.

ही निव्वळ जुन्या रीतीची आठवण नव्हती. चिनी शेतकऱ्यांची खतपद्धत हॉवर्डनी एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून अभ्यासली होती. इंदुरात तिला उष्णतेच्या नोंदी आणि नत्राच्या मोजमापाची जोड मिळाली. १९३१ साली या कामावर पुस्तक निघाले, त्यावर दोन लेखकांची नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि संस्थेतील रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक यशवंत वाड. गॅब्रिएल आदल्याच वर्षी वारल्या होत्या. पुढे १९४० चे ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ एकट्या हॉवर्डच्या नावावर आले, त्यांच्या विचारांनी भारावून अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, आणि जगाने हॉवर्डना या शेतीचे जनक ठरवले. वाड मागे पडले. हा अन्याय आहे, आणि मराठी वाचकाला तर तो अधिक खुपायला हवा.

दोन्हीकडची गरजही वेगळी होती. इंग्लंडमध्ये जमिनीकडे परतण्याची ओढ यंत्रयुगाला विटलेल्या माणसांची होती. इथे गावाला तोच खड्डा उकिरड्याच्या आणि मैल्याच्या प्रश्नावर उपाय म्हणून हवा होता. १९३५ साली गांधीजी इंदूरची संस्था पाहायला गेले. त्याच वर्षी ‘हरिजन’मधून ही खतपद्धत ग्रामसेवकांपर्यंत पोहोचली.