वाडीच्या हिशेबानं बांधलेलं घर

अलिबाग सोडून आक्षी-नागावमार्गे रेवदंड्याकडे निघालं की रस्त्याच्या पश्चिमेला घरं आणि घरांच्या मागे वाड्या अशी रांग लागते. समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, पण दिसत नाही. पुळणीवर सुरूचं बन, त्याच्या अलीकडे केवडा आणि उंडी, मग माड, माडांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेला मिरीचा किंवा विड्याच्या पानांचा वेल, त्याखाली केळी, जायफळ, अननस. सगळ्यात शेवटी, रस्त्याच्या अंगाला, घर. समुद्रावरून येणारा खारा वारा या झाडांच्या पट्ट्यांत अडत, गाळला जात घरापर्यंत पोहोचतो. वाडीत विहीर असते, विहिरीवर पूर्वी रहाट असायचा आणि तिथून निघालेले पाट प्रत्येक आळ्यापर्यंत पाणी नेत. ऊन, पाणी आणि वारा यांतलं काहीही वाया जाऊ नये, असा हा चोख हिशेब आहे.

तो कोणा नामवंत लँडस्केप आर्किटेक्टने कागदावर मांडलेला नाही. अष्टागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या किनारपट्टीतल्या बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या तो जमिनीवरच मांडला. मात्र याच हिशेबावर उभ्या राहिलेल्या काही घरांनी जगाचं लक्ष रायगडच्या किनाऱ्याकडे वेधलं, आणि ती गोष्ट मराठी वाचकाला नीट माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ही घरं उभी करणारे वास्तुविशारद म्हणजे बिजॉय जैन. त्यांचा जन्म १९६५ चा, मुंबईतला. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी वास्तुकलेचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि पुढे रिचर्ड मायर या ख्यातनाम वास्तुविशारदाच्या कचेरीत काम केलं. पांढऱ्याशुभ्र, काटेकोर, काचेच्या इमारतींसाठी मायर ओळखले जात. तिथून १९९५ मध्ये जैन भारतात परतले आणि अलिबाग परिसरात कामाला लागले. त्यांचा 'स्टुडिओ मुंबई' नावाने मुंबईचा असला, तरी त्याची खरी जडणघडण अलिबागजवळच्या कार्यशाळेत झाली. सुतार, गवंडी, पाथरवट आणि वास्तुविशारद तिथे एकाच छपराखाली काम करत. राजस्थानातून आलेले, बापजाद्यांपासून लाकूडकाम करणारे सुतार त्यांत होते. नकाशा कचेरीत काढायचा आणि कंत्राटदाराच्या हाती सोपवायचा, ही नेहमीची रीत तिथे नव्हती. खिडकीचा कोपरा आधी खऱ्या मापात, खऱ्या लाकडात करून बघायचा, चुकला तर मोडायचा, पुन्हा करायचा. सुतारांच्या स्वतःच्या चित्रवह्या असत आणि त्यांतली रेखाटनं वास्तुविशारदाच्या नकाशाइतकीच महत्त्वाची मानली जात. २०१० च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला-प्रदर्शनात स्टुडिओने देखण्या इमारतींच्या छायाचित्रांऐवजी ही कार्यशाळाच नेऊन मांडली: नमुने, वह्या, लाकडाचे तुकडे, हत्यारं. परीक्षकांनी तिचा खास उल्लेख केला.

या पद्धतीचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे २००७ मध्ये याच किनाऱ्यावरच्या नांदगावला पूर्ण झालेलं 'पामायरा हाउस'. पामायरा म्हणजे आपला ताड. उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे विकायला बसलेल्या बायका दिसतात, तोच. माडांच्या उत्पन्न देणाऱ्या बागेत, काळ्या दगडाच्या जोत्यांवर, लाकडाच्या दोन लांबट पेट्या ठेवाव्यात तसं हे घर आहे. एका पेटीत बैठक, अभ्यासिका आणि मुख्य शयनगृह, दुसरीत स्वयंपाकघर, जेवणघर आणि बाकीच्या खोल्या. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, खाच आणि कुसू एकमेकांत बसवून जोडलेला. भिंतींच्या वरच्या भागाला ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्या, एकाखाली एक, मध्ये फट ठेवून तिरप्या बसवलेल्या.

ताडाचं खोड आतून भुसभुशीत असतं. बाहेरचा काळपट, रेषारेषांचा थर मात्र कमालीचा टणक. म्हणूनच कोकणात ताड चिरून त्याचे वासे करायची पद्धत आहे, आणि पोकळ केलेल्या खोडाची पन्हळ पाणी वाहून न्यायला वापरत. पामायरात त्याच टणक भागाच्या पट्ट्या झाल्या. उभं ऊन त्या अडवतात, वारा येऊ देतात. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई सुटते. दोन्ही वेळा हवा घरातून आरपार जाते, आणि वर माडांची सावली असतेच. पावसाळ्याआधी कोकणातली माणसं घराच्या पश्चिमेला झडीपासून बचाव म्हणून माडाची विणलेली झापं बांधतात. पामायराची भिंत मला त्या झापांच्याच कुळातली वाटते.

पाण्याची व्यवस्थाही वाडीचीच. जागेवरच्या तीन विहिरींचं पाणी गाळून उंच टाकीत चढवायचं आणि तिथून उताराने घरभर फिरवायचं. बागेतल्या पाटांचं जाळं घर आणि जमीन यांना एकत्र गुंफतं. गिलाव्याला रंग दिला आहे तो जागेवरच्याच वाळूचा. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या फेरीत हे घर अंतिम यादीपर्यंत पोहोचलं होतं.

त्याआधीच, २००९ मध्ये, पॅरिसहून दिला जाणारा शाश्वत वास्तुरचनेचा जागतिक पुरस्कार जैन यांना मिळाला होता. याना रेवेदिन या वास्तुविशारद विदुषींनी २००६ मध्ये सुरू केलेला हा सन्मान दरवर्षी पाच जणांना मिळतो. २००९ च्या पाचांत बुर्किना फासोचे फ्रान्सिस केरे होते. आपल्या गावात मातीच्या विटांची शाळा बांधून नाव मिळवलेल्या केरे यांना पुढे २०२२ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. २००७ च्या पहिल्या यादीत पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी होते. जैन यांना नंतर पॅरिसच्या वास्तुकला अकादमीचं सुवर्णपदक २०१४ मध्ये आणि फिनलंडचं आल्वार आल्टो पदक २०२० साठी मिळालं. पुरस्कारांची यादी आणखी लांबवता येईल. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. यातली बरीचशी दाद एका घराला नव्हती, एका कामाच्या रीतीला होती.

काशीदचं 'तारा हाउस' पामायराच्या आधीचं. तिथे चाफा, नेचे, बांबू, जाईजुई यांच्या अंगणाखाली एक दगडी दालन आहे, भूगर्भातल्या झऱ्याच्या पाण्याने भरणारं. वरून बाग दिसते, खाली बारव असते. मांडव्याजवळच्या चोंढीचं 'कॉपर हाउस' आमराईत उभं आहे आणि त्याची कहाणी सरळ पुराशी जोडलेली आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने रायगडात काय केलं, हे महाड-पोलादपूरच्या माणसांना सांगायला नको. या घरासाठी विहीर खणली, निघालेली माती भरावाला घातली आणि जमिनीची पातळी त्या वर्षीच्या पुराच्या रेषेवर उचलून घेतली. एकाच खोदकामातून पाणीही मिळालं आणि जोतंही. छप्पर आणि वरचा भाग तांब्याने मढवलेला आहे. समुद्राजवळ तांब्याला हिरवट थर चढतो आणि तोच थर आतल्या धातूला राखतो. लोखंडाचं उलट होतं. खारी हवा सिमेंटच्या आत शिरून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंजताना फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. किनाऱ्यावरच्या कित्येक बंगल्यांच्या स्लॅबखाली उघड्या पडलेल्या सळया दिसतात, त्या यामुळेच.

लोखंडावाचून बांधायचा धडा अलिबागने फार पूर्वी, अगदी वेगळ्या कारणासाठी पाहिला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला, आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण त्यात चुंबकीय गुण नाही. आतल्या उपकरणांना तापमानातला चढउतार चालत नाही, म्हणून खोलीच्या आत खोली आणि जाड भिंती. कोणतंही यंत्र न लावता आतली हवा दिवस-रात्र जवळपास एकसारखी राहते. पुरस्कारांच्या चर्चेत या इमारतीचं नाव कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

जैन यांच्याही आधी या किनाऱ्यावर वास्तुविशारद नारी गांधी काम करून गेले. १९३४ ते १९९३ असं त्यांचं आयुष्य. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडून ते अमेरिकेत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या टॅलिएसिन या निवासी कार्यशाळेत काही वर्षं राहिले. परतल्यावर त्यांनी कचेरी थाटली नाही, नकाशेही फारसे काढले नाहीत. जागेवर जायचं, गवंड्यांबरोबर उभं राहायचं आणि दगड-विटांच्या कमानी डोळ्यांदेखत वळवून घ्यायच्या. रेवदंड्याला त्यांनी बांधलेलं घर पाहिलं की जमिनीतूनच कमानी उगवल्यासारख्या वाटतात. त्यांच्या हयातीत त्यांना मोठे सन्मान मिळाले नाहीत. गवंड्याच्या हातावर विश्वास ठेवण्याची वाट मात्र या किनाऱ्यावर त्यांनी पाडली, असं मी मानतो.

आता किनाऱ्याचं चित्र झपाट्याने बदलतं आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकराची गाडी आता दारात येते. वाड्यांचे तुकडे पडतात आणि त्यांवर बंगले उठतात. यातल्या पुष्कळ बंगल्यांना लाकडी पट्ट्यांची भिंत असते, काळ्या दगडाचं फरसकाम असतं, लांबट तलाव असतो. पामायराचं रूप उचललेलं असतं, त्यामागचा हिशेब राहून गेलेला असतो. पट्ट्यांच्या मागे बंद काच आणि वातानुकूलन यंत्र. माड तोडून लावलेली हिरवळ, आणि हिरवळीला बोअरवेलचं पाणी.

या बोअरवेलची मला खरी काळजी वाटते. किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडं पाणी असतं, असा भूजलशास्त्रातला जुना नियम आहे. म्हणजे उपसा करून पातळी एक मीटरने उतरवली, तर खालचं खारं पाणी कालांतराने ४० मीटरच्या हिशेबाने वर सरकू शकतं. रहाटाला एवढा उपसा जमायचाच नाही. विहीर आटत आली की बैल सोडायचे, पाणी भरू द्यायचं. विजेचा पंप थांबत नाही. एका बंगल्याच्या हिरवळीपायी शेजारच्या वाडीची विहीर खारी झाली, तर त्या वाडीतल्या पोफळी पिवळ्या पडतात, आणि त्याची भरपाई कुठल्याच नकाशात नसते. अलिबागच्या घरांची कीर्ती सांगताना हे सांगितलं नाही, तर गोष्ट अर्धीच सांगितली असं होईल.

आणखी एक गोष्ट. पुरस्कार मिळालेली घरं ही बहुतेक मुंबईतल्या सधन माणसांची, आठवड्याच्या सुट्टीला येण्यासाठी बांधलेली घरं आहेत. ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी ती बांधली, त्यांना स्वतःसाठी तसं घर परवडणार नाही. हा त्या कामाचा दोष म्हणून मी सांगत नाही. पण त्यातलं ज्ञान खाली झिरपलं पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे.

त्याची गरज किती आहे, हे ३ जून २०२० ला कळलं. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्यातल्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. पत्रे उडाले, कौलं उडाली. बाणवली माड लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, श्रीवर्धनी सुपारीलाही साधारण तेवढीच. म्हणजे त्या दिवशी पडलेल्या वाडीचं उत्पन्न पुन्हा सुरू होईपर्यंत घरातलं मूल प्राथमिक शाळा संपवतं.

वादळानंतर ज्याला जमेल त्याने स्लॅब टाकला. त्याला कोण दोष देईल? पण स्लॅबचं घर मे महिन्यात भट्टी होतं, आणि दहा-पंधरा वर्षांत खार लागून त्याचे पोपडे निघू लागतात. शिवाय जगातल्या कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, आणि त्यातून होणाऱ्या तापमानवाढीचा फटका समुद्राकाठच्यांनाच आधी बसतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळत आले आहेत, किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी. एवढ्या पैशांत ऐनाचा सांगाडा होणार नाही, हे उघड आहे. मात्र आणखी पुष्कळ काही होऊ शकतं. विहिरीची किंवा शेततळ्याची माती जोत्याला घालता येते. पश्चिमेला पडवी काढता येते. समोरासमोर खिडक्या ठेवून खाऱ्या वाऱ्याला आणि मतलईला वाट देता येते. कातकरी आणि ठाकर वस्त्यांत अजून कुडाच्या भिंती लिंपणाऱ्या बाया आहेत. त्यांचं कसब घरकुलाच्या आतल्या भिंतींना वापरता येईल.

आणि कौलं टिकवता येतात. चांगल्या मंगलोरी कौलाच्या पोटाशी तार ओवायला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. कारखानदाराने ते वाऱ्यासाठीच ठेवलं, पण शाकारणारे बहुतेक जण ते रिकामंच सोडतात. वारा कौलं उचलतो तो बहुधा कडांपासून: वळचणीची ओळ, आढ्याजवळची ओळ आणि दोन्ही बाजूंच्या कडा. निदान एवढी कौलं न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधली आणि वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला पट्टीने जखडले, तर छप्पर बऱ्याच वादळांना तोंड देतं. हे गवंड्या-सुतारांना शिकवायला दोन दिवस पुरतात. पावसाळ्याआधीच्या शाकारणीला गावोगाव तेच जुने हात छपरावर चढतात. तालुक्याच्या पंचायत समितीने त्यांना एप्रिलमध्ये एकत्र बोलवावं, तारेचं भेंडोळं हातात द्यावं आणि एखाद्या शाळेच्या छपरावरच शिकवावं.